सातवं जर्दाळू

मिडलबर्गला तेव्हा मी
माख्टेल्टबाईंकडे रंग घोटायला होते.
वय अकरा. पगार नाही, दोन वेळचं जेवण,
आणि जेवणात बहुतेक हेरिंगच.

पाटा संगमरवरी, वरवंटा काचेचा.
जवसाचं तेल थेंबाथेंबानं सोडत
शिशाची सफेती घोटायची,
बोटाला कण लागेनासा होईपर्यंत.
"अजून खरखरतंय," बाई म्हणायच्या
मान न वळवता.

मिठाचे व्यापारी योरिस फान हेक
यांनी आपल्या भिंतीआडच्या बागेतून
सात जर्दाळू पाठवली, मोजून,
चिठ्ठीवर आकडा घालून.
चित्रात सातच दिसली पाहिजेत.
सोबत एक निळी चिनी वाटी, उसनी.
तिला तडा गेला तर काय, तेही चिठ्ठीत होतं.

तीन दिवस बाई नुसत्या बघत बसल्या.
ओकची फळी कोरीच.
"पिवळं कुठाय यात?" मलाच विचारत.
"खिडकीकडच्या गालावर आभाळ आहे,
पोटाखाली मेज आहे,
आणि मधे, चिडलेल्या माणसाच्या कानासारखं
हे लाल."
मला पिवळंच दिसत होतं.

चौथ्या दिवशी बाई धक्क्यावर गेल्या, अक्रोडाच्या तेलासाठी.
बाहेर ढग. घरात मी आणि ती सात.
कडेचं एक
मी खाल्लं.
दोन घास, आणि मग मुठीत नुसती बी.

बाई आल्या. टोपी काढायच्या आधीच
त्यांना सहा दिसली.
मी डोळे मिटून घेतले, थोबाडीत बसेल म्हणून.
स्टूल ओढल्याचा आवाज आला.
"सांग."
"काय?"
"आतून कसं होतं. मला नुसती साल दिसत होती."

गोड होतं, म्हटलं.
"गोड हा रंग नाही, तानेका."

मग मी सांगत गेले.
की बी अलगद सुटून आली,
झोपलेलं मूल खांद्यावरून काढून घ्यावं तशी.
की बीच्या घरट्यापाशी गर जास्त गडद होता, ओला,
आणि उन्हाकडची बाजू कोमट होती
आणि रस मनगटापर्यंत ओघळला
आणि शेवटी शेवटी
कानाच्या पाळीखाली आंबट कळ आली.

मी बोलत होते आणि बाईंची पाती चालत होती.
मंजिष्ठ जरासं. शेंदऱ्याचं टोक.
"कोमट कुठल्या बाजूला?" "डाव्या."
डावीकडे ऊन पडलं.
त्या दिवशी अख्ख्या झीलंडमध्ये नव्हतं, ते तिथे पडलं.

सहा मिटलेली, सातवं उकललेलं.
शेवटी माझी मूठ उघडून त्यांनी बी घेतली,
मेजावर ठेवली
आणि ती मात्र समोर बघून काढली, दोन दिवस.

फान हेक आले. बोटानं मोजत गेले,
सातव्यावर बोट थांबलं.
"हे कुणी फोडलं?"
"आहेत की सात," बाई म्हणाल्या.
त्यांनी वाटी दोनदा उजेडात फिरवून पाहिली.
पण पैसे मोजताना त्यांचा घसा हलला,
आवंढा गिळल्यासारखा. मी पाहिला.

आता मी स्वतः फळं रंगवते.
गिऱ्हाइकांना कळवते, एक जास्तीचं पाठवा.
का, ते लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती फळी पुन्हा पाहिली,
फान हेकांच्या नातवाकडे, चुलीच्या धुरानं काळवंडलेली.
माझं जर्दाळू अजून उकललेलं, अजून कोमट.

खरं तर ते कच्चं होतं.
करकरीत, तुरट. मनगटावर काही ओघळलं नव्हतं.
मार चुकवायला मी एक पिकलेलं जर्दाळू
तिथल्या तिथे रचलं होतं,
आणि इतकी वर्षं वाटत राहिलं,
बाईंना मी फसवलं.

पण खाली, वाटीच्या सावलीत, ती बी.
बघून काढलेली.
तिला चिकटलेले गराचे हिरवट धागे,
कच्च्या फळाच्या बीला चिकटतात तसे,
एक
एक.