शिंगाळ्याचा सोमवार

सर्जेकोटच्या जेटीवर माझं काम एवढंच :
मासा फळीवर आडवा ठेवायचा,
तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायचा,
वहीत आकडा लिहायचा.
पगार सरकारी, पायांत गमबूट,
हाताचा वास रविवारीसुद्धा जात नाही.

बाबा लिलावाच्या कडेला बसतात,
अर्धी विडी कानावर,
आणि आठवड्यातून एकदा तरी विचारतात :
"माकडाचो माणूस झालो तर झालो गे.
माका तेचो उपेग काय?
डिझेल स्वस्त होतलां?"

डिझेल स्वस्त होत नाही.

नववीत तो धडा मी मोठ्याने वाचत होते
तेव्हा आईने पुस्तक मिटलं होतं,
देवघराकडे बघत,
आत कुणी ऐकत असल्यासारखं.
तेव्हापासून हा विषय आमच्या घरात
कालवाच्या शिंपल्यासारखा,
सगळे बाजूने पाय टाकतात.

मग कार्तिकातली ती सकाळ.
पर्ससीनची होडी शिंगाळ्याने भरून आली,
लवू, माझा भाऊ, नाळेवर उभा, ओरडत,
आणि क्रेटमधून काहीतरी पिवळं
जेटीभर गडगडत गेलं.
पोरं गोट्या खेळायला बसली.

बाबांनी एक मासा उचलला, जबडा दाबला.
आतून बोरांएवढी अंडी, ओळीने,
एकेक त्यांच्या तळहातावर.
"मादी?"
"नर. अंडी फुटून पोरं पोहती होईपर्यंत
तोंड मिटून राहतो. महिनाभर, जास्तच.
अन्नाचा कण नाही."

सोमवार होता.
बाबांच्या पोटात सकाळची कोरी चहा, बस.

"ह्येका उपास कोणी शिकयलो?"

"कोणी नाही, बाबा.
ज्यांनी भुकेपोटी गिळली
त्यांची पोरं उरली नाहीत.
ज्यांनी नाही गिळली, त्यांचा हा."

बराच वेळ ते तळहाताकडे बघत राहिले.
"म्हणजे पुण्य कामाक इलां."

पुण्य नव्हे, म्हणणार होते मी.
पुण्याला कुणाचा तरी हिशेब लागतो,
इथे वही नाही, चित्रगुप्त नाही,
नुसती भूक, आणि उरणं.
पण त्यांच्या हातात अंडी होती
आणि ती कुठे ठेवावीत ते त्यांना सुचत नव्हतं.

म्हणून दुसरंच बोलले.
ही युक्ती जाळ्याआधीची, बाबा. लाखो वर्षं पुरली.
तोंड मिटून, घोळक्याने, सावकाश पोहायचं.
आता नेमकं तेच मरण.
एका फेरीत बाप गेले, पोरंही गेली.
नवं काही शिकायला त्यांना
आपल्याएवढी घाई जमत नाही.
कुठल्या महिन्यात कुठे जाळं टाकू नये
एवढंच कळतं माझ्या शास्त्राने.
उपयोग म्हणाल तर हा.

ते उठले. अंडी पाण्यात सोडली.
जगणार नव्हती ती.
मला माहीत होतं. बहुतेक त्यांनाही.

त्या रविवारी देवळात गाऱ्हाणं.
बाबल घाडी नेहमीचं म्हणत होता,
इडापीडा, वाटेतला साप, परमुलखातली पोरं,
आणि तो श्वास घ्यायला थांबला
तेवढ्यात बाबा मध्येच :
"आणि जेच्या तोंडात पोरां आसत
तेच्या वाटेक आमका धाडू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"
सवयीने सगळा गाव.
सगळ्यात मोठा आवाज लवूचा.
चपलांपाशी उभी मी,
माझेही ओठ हलले.

पहाटे चारला लवूची होडी गेली.
हप्ता बँकेचा, बँक मालवणात,
गाऱ्हाणं तिथवर पोचत नाही.

दुपारी फळीवर एकच शिंगाळा.
बाबा मागे येऊन उभे राहिले, विडी न पेटवता.
"काय लिवलंस?"

नर. एक्केचाळीस सेंटिमीटर.
तोंड : रिकामं.