वाया गेलं तरी चालेल असं चित्र

त्रिएस्तेत बोरा सुटला की
माझ्या दुकानात आधी वारा शिरतो, मग गिऱ्हाईक.
देझिदेरिओ कोसुता तसाच आला,
टोपी काखेत दाबून.
बंदरावर कॉफीची पोती तोलण्यात जन्म गेलेला माणूस.
म्हणाला, चित्रावर मारायचा फवारा द्या,
बायका केसांना मारतात ना, तसला.

तो नको, मी म्हटलं,
चार वर्षांत कागदाला कावीळ होते.

दोन डबे समोर ठेवले.
हा हलका, याच्यावर पुन्हा काम करता येतं,
थोडंफार पुसताही येतं.
हा शेवटचा. याच्यानंतर बोलणं संपलं.

बोलणं संपलंच आहे, तो म्हणाला.
बहीण. निवेस. फेब्रुवारीत.

तिनं त्याला काढलं होतं, झोपलेला,
वखारीतल्या तपकिरी कागदावर, कोळशानं,
तो एकोणीस वर्षांचा असताना.
वर पातळ कागद घालून ठेवलंय.
"पण उघडतो तेव्हा तेव्हा थोडा कमी होतो मी.
त्या पातळ कागदावर आता माझं अर्धं नाक आहे."

मग मी नेहमीचं सांगितलं.
कोळसा चिकटत नाही कागदाला,
कागदाच्या बारीक दातांत नुसता अडकून बसतो.
डबा मिनिटभर हलवा.
खिडकी उघडी हवी पण वारा नको
(या गावात ते कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही पाहा).
हातभर लांबून मारा.
फवारा कागदाच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा,
कारण पहिला थेंब नेहमी उद्धट असतो.
एक हात, पातळ. वाळू द्या. मग दुसरा.
काळं आणखी काळं होईल.
पांढरा खडू असेल तर तो बुडेल.

"आहे पांढरा," तो म्हणाला.
"पापणीवर. एवढासा."

मी डब्यावरची बारीक अक्षरं वाचत राहिले.
तिथं पापण्यांबद्दल काही नव्हतं.

आधी दुसऱ्यावर मारून बघा, म्हटलं,
तसलाच कागद, तसलाच कोळसा,
वाया गेलं तरी चालेल असं चित्र.
त्यानं ते शब्द तोलून पाहिले, सवयीनं.
"माझ्याकडे एकच चित्र आहे."
मग काढा एखादं.

कोळशाच्या दोन कांड्या घेऊन गेला.
आठ दिवसांनी तपकिरी कागद मागायला आला.
मग खडू.
मग दुसरा डबा, पहिला संपला म्हणून.
चित्रं गुंडाळी करून आणायचा:
नळ. कॉफीचं भांडं. शेजारणीचं कुत्रं, मागून,
कारण पुढून ते थांबत नाही.
एक बूट, डावा. उजवा जमत नाही म्हणे.
फार जवळून मारला होता फवारा,
बुटाला देवी आल्या होत्या.
दोघंही हसलो.
पुढच्या बुटाला फक्त दोन व्रण.

निवेसचं चित्र? मी विचारलं.
ड्रॉवरमध्ये आहे. अजून हात बसला नाही.
आणि पापणीची चाचणी राहिलीये.
आरशात बसून बघितलं मी, तो म्हणाला,
पण मिटलेला डोळा आरशात सापडत नाही.
तो दुसऱ्या कुणीतरीच काढावा लागतो.

आज दुपारी, दुकान बंद करायच्या वेळी,
दारात उभा. बोटं काळी, नखांत वखार.
"त्या खुर्चीत पाच मिनिटं झोपाल का?
जमणार नाही बहुतेक. तुमचा चेहरा
वाया गेला तरी चालेल ना?"

चालेल, म्हटलं,
आणि पाटी उलटी करून बसले.
बाहेर बोरा दार हलवत होता.
आत कागदावर कोळसा,
सारखा थांबत, सारखा पुन्हा सुरू होत.
खडूचा आवाज अजून आला नाही.
मी डोळे मिटूनच आहे.