पाण्याचा दिवस

बिल्डर म्हणाला पाडवा, मग म्हणाला अक्षय्य तृतीया,
मग त्याने फोन उचलणं सोडलं.
जुन्या घरमालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, त्याला खोली हवी होती.
म्हणून आम्ही अशोक चौकाच्या मागे, बोल्लींच्या दोन खोल्यांत आलो.
एक गादी, तीन बॅगा, मिक्सर,
आणि पाच वर्षांची शांभवी,
जिने आल्याआल्या विचारलं, इथे आपण कुठे बसायचं?

पंधरा दिवस फक्त, आम्ही म्हणालो.
पंधरा काय न दीडशे काय, पद्मजा म्हणाली,
आधी चपला आत घ्या, कुत्रं नेतंय.

खालच्या शेडमध्ये बारा माग.
पहिल्या रात्री पेल्यातलं पाणीसुद्धा झोपलं नाही.
आठव्या रात्री वीज गेली, माग थांबले,
आणि आम्ही पाचही जण दचकून उठलो.

दुसऱ्याच्या घरात अंग लहान होत जातं.
मी बशी आवाज न करता ठेवायला शिकले,
फ्रिज उघडण्याआधी खाकरायला.
भांडण आलं की रेवण आणि मी दूध आणायला जायचो,
दोघंही,
अर्ध्या लिटरसाठी.

श्रीनिवास अंथरूण घेऊन गच्चीवर जायचा. मला उकडतं, म्हणायचा.
चव्वेचाळीस होतं, खरंच उकडत होतं,
पण वावटळ सुटली त्या रात्रीही तो वरच होता,
सकाळी भुवयांत माती घेऊन खाली आला
आणि चहा मागितला.

एका दुपारी ती दोघं स्वयंपाकघरात तेलुगूत बोलत होती,
आम्हाला कळत नाही याची खात्री असलेल्या
हलक्या आवाजात.
शांभवी माझ्याजवळ शेंगा फोडत होती.
गल्लीतल्या पोरांकडून तिने ती भाषा
गोट्यांसारखी खिसा भरून आणली होती.
म्हणाली, आई, गॅस वीस दिवसांतच संपला.
मग एक दाणा खाऊन,
काका म्हणतात, गप, ऐकतील.

संध्याकाळी रेवण सिलिंडर खांद्यावर घेऊन आला.
दारात टेकवला, तो आवाज
बारा मागांच्या वर गेला.

पद्मजा दोन दिवस बोलली नाही.
ताटात भाकरी यायची, शेंगाची चटणी, वर दही,
सगळं यायचं.

तिसऱ्या रात्री अडीचला पाणी आलं, पाच दिवसांनी.
गल्लीत कुणी ओरडलं, नीळ्ळु वच्चिनय!
शांभवी झोपेतच ओरडली, नीळ्ळु वच्चिनय!
आणि पद्मजा नको नको म्हणताना हसली.
पिंप, कळशा, पातेली, तिच्या लग्नातला हंडा.
नळी मी धरली, मोटर तिने.
पाण्याच्या आवाजाआडून ती म्हणाली,
माणसाला कुरकुर करायला तरी जागा लागते की गं.
घर दिलं तुला.
तेवढी एक जागा माझी होती, तीपण घेतलीस.

मी पिंपात बघत राहिले.
ते भरलं, वाहायला लागलं, मला दिसलंच नाही.
अगं पाणी! ती किंचाळली. पाणी!

जूनमध्ये जुळे सोलापूरला ताबा मिळाला.
लिफ्ट नाही. जिन्याला कठडा अर्धाच. दार मात्र आहे, आतून कडी लागणारं.
पहिल्या रात्री इतकं शांत होतं की शांभवी रडायला लागली.
शेवटी रेवणने रिकामा मिक्सर लावला
आणि तिला झोप लागेपर्यंत
बटण धरून उभा राहिला.

वास्तुशांतीच्या आधीच पद्मजाने विचारलं होतं,
तुमच्याकडे पाणी कोणत्या दिवशी?
आणि तो दिवस आमच्या दिवसाचा नाही कळल्यावर
तिच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं झालं.

काल आली, स्कूटरला दोन रिकामे कॅन अडकवून.
चपला आत काढल्या. न विचारता नळ सोडला.
धार बघत उभी राहिली, कमरेवर हात.
तुझ्या नळाला जोरच नाही बाई, म्हणाली,
आणि पाणीपण मचूळ.

मी दुसरा कॅन पुढे सरकवला.