हाताची घडी

अशोक चौकामागच्या बोळात
बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये आमची शाळा भरते.
फरशीत अजून मागाच्या पायांचे खड्डे आहेत.
मुलं त्यात चिंचोके ठेवतात, गोट्या,
एकदा तर बेडूक ठेवला, दोन दिवस,
हजेरीपटावर त्याचं नाव घालून.

त्याआधी सतरा वर्षं मी महापालिकेच्या शाळेत.
हाताची घडी, तोंडावर बोट.
माझा आवाज असा की
खिडकीबाहेरची कुत्रीसुद्धा खाली बसायची.
हे मी कौतुकानं सांगायचे.

राजमणी यमूल पहिले दोन महिने बोललीच नाही.
घरात तेलुगू, गल्लीत दखनी,
आणि मराठी म्हणजे मी.
तिच्यापुढे मणी ठेवले. दहा-दहाच्या माळा करायच्या.
ती पंचवीस मोजायची, गाठ मारायची,
पुन्हा पंचवीस, पुन्हा गाठ.
मी वहीत लिहिलं : दहाचा गट कळत नाही.
ते पान मी अजून फाडलेलं नाही.

मग तिच्या घरी गेले.
आई मांडीवर सूप घेऊन तेंदूपान कातरत होती, मान वर न करता.
राजमणीनं मला हिशेब समजावला,
अर्धा तिच्या भाषेत, अर्धा माझ्या :
चाळीस कट्टे म्हणजे हजार,
पण मुकादम छाट काढतो, दोन कट्टे तरी,
म्हणून बेचाळीस वळायचे
आणि मजुरी हजाराचीच.
मला पंचवीसचा पाढा येत नव्हता.
म्हणजे, म्हणता यायचा.

उन्हाळ्यात पत्रा तापला तेव्हा
माळा साफ करताना जकार्डचे जुने पुठ्ठे सापडले,
भोकाभोकांचे, दोरीनं ओवलेले, लांबच लांब.
पोरं भोकांतून एकमेकांना बघत होती.
राजमणीनं ते फरशीवर पसरले
आणि बोटानं वाचत गेली, ओळीनं,
भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली.
एकतिसाव्या पुठ्ठ्यावर थांबली.
'तप्पू,' म्हणाली.
चूक. एक भोक जास्तीचं,
नेमकं मोराच्या डोळ्यात.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं,
शाबास, नीट बघ, हे कसं ओळखलंस, सगळ्यांना सांग,
ते मी गिळलं.
कुणास ठाऊक किती घरांत
आंधळा मोर पांघरून माणसं झोपली असतील.

गुरुवारी तीच पेटी मी निरीक्षणगृहात नेते.
दारावर कात्री काढून ठेवतात, सुया काढून ठेवतात,
मणी मोजून आत सोडतात.
पुठ्ठ्यांना कुणी हरकत घेत नाही.
तिथं मैंदर्गीकडचा एक मुलगा आहे, नाव सांगायची परवानगी नाही.
मी कोरे पुठ्ठे दिले, पाहिजे ते नक्षीकाम काढ म्हटलं.
त्यानं कोराच परत दिला.
यातून काय निघेल रे?
'काही नाही. सगळे धागे खाली.'
मी वाद घातला नाही. (घातला असता. दार उघडायची वेळ झाली.)
पुढच्या गुरुवारी पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्यात
पेन्सिलीच्या टोकानं पाडलेलं एक भोक होतं,
कडा फाटलेल्या.
तो लगेच म्हणाला, 'तप्पु.'
कानडीतही तेच म्हणतात, मला माहीत नव्हतं.
मी ते भोक उजेडासमोर धरलं
आणि त्याला बघायला दिलं.

परवा साहेब आले. वेळापत्रक मागितलं.
भिंतीवर नव्हतं.
कुणी तराजूत शेंगदाणे तोलत होतं,
दोघं भांडत होते, एक चक्क झोपला होता.
'इथं शिकवतं कोण?'
राजमणीनं दोऱ्यावरची नजर न काढता
माझ्याकडे बोट केलं : 'त्या. गप्प बसल्यात त्या.'
खरंच मी कोपऱ्यात होते,
हाताची घडी घालून, तोंडावर बोट,
कधी बसले ते कळलंही नव्हतं.

साहेब पुढे सरकले.
'बघून,' ती म्हणाली, 'तिथं बेडूक असतो.'
आणि साहेबांनी, पॅन्ट किंचित वर धरून,
रिकामा खड्डा ओलांडला.