दुपारची डाळ

टाकीत हात घालून ओडिलिया मूठ उघडते:
अर्धे दाणे दुभंगलेले.
परगामिनोच्या आडतीवर
या डाळीला कोण विचारणार?

रोटरचे फेरे सातशेवरून पाचशेवर.
कॉन्केव्ह दोन खाचा सैल.
एलिव्हेटरची साखळी हलवून पाहिली, ताठ आहे.
परत मूठ.
परत डाळ.

ट्रेलरच्या सावलीत फाउस्तिनो
माते चहाचा पेला भरतो.
"यंत्राचे कान किती पिळशील?
एक दाणा चावून बघ."

कट्‌कन.
काच फुटावी तसा.

मग किल्ली काढून ती चाकाला टेकते.
सातनंतर दव उतरेल,
शेंगा जरा नरमतील.

तोवर मांडीवर अर्धुकं पसरून
ती जोड्या लावत बसते.
एकही जुळत नाही.

"गार होतोय," फाउस्तिनो म्हणतो,
पेला पुढे करत.