तपासणी

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये माझं काम चुका शोधायचं.
ताव उजेडाला धरायचा, शाई सरकली असेल
तर कोपऱ्यात खूण. सव्वीस वर्षं.
सिनेमालाही मी तसाच बसलो,
तिकिटाच्या पाठीवर पेन्सिल टेकवून.

पहिली चूक: नदी.
कादंबरीत ती नुसती नदी होती, बिननावाची.
मी तिथे आपली गोदावरी सोडली होती,
टाळकुटेश्वराच्या पुलाखालची,
पाण्यात निर्माल्य, काठाला धुतलेल्या गोधड्या.
पडद्यावर कुठलंतरी डोंगरातलं निळं पाणी,
कुणाची गोधडी त्यानं कधी पाहिली नसावी.

दुसरी: सरोज.
लेखकानं तिचा चेहरा लिहिलाच नव्हता.
ती दोरा दातानं तोडते, एवढंच.
मी तिला बिटकोजवळच्या पगारेबाईंचा चेहरा दिला.
ब्लाउज शिवतात, हिशेब तोंडी करतात,
त्यांना हे कधी कळणार नाही.
नटी सुंदर होती. कात्री वापरत होती.

तिकिटाची पाठ भरत आली.
शेजारी वैजयंता. तिनं पुस्तक उघडलेलंही नाही.
"चारशे पानं? आणि शेवटी मरते का ती?"
इतकीच चौकशी केली होती.

मग तो प्रसंग, पान एकशे बारा.
'तो काही बोलला नाही.'
वाचनालयाच्या प्रतीत या ओळीखाली
कुणीतरी रेघ मारून ठेवलेली.
इथे कशाला रेघ, म्हणत मी पुढे गेलो होतो,
जेलरोडचा स्टॉप जवळ आला होता.

पडद्यावर तो खरंच बोलला नाही.
पंखा फिरत राहिला.
दूध वर आलं, उतू गेलं,
स्टोव्ह फरफरला, तिनं हात पुढे केला नाही.
पुढच्या रांगेतल्या पोराचा हात
लाह्यांच्या पुड्यातच थांबला.
वैजयंतानं माझी पेन्सिल काढून घेतली
आणि हात तिथेच ठेवला.

आज तीच प्रत पुन्हा आणली सावानातून.
पगारेबाई काही येत नाहीत,
दर पानावर ती नटीच उभी.
एकशे बारावर आलो तर
दूध उतू गेल्याचा वास.
पुस्तकात दूध नाही,
पुढचं मागचं पान पाहिलं, कुठेच नाही.

दोन पानांनंतर ती सदऱ्याला गुंडी लावते
आणि दोरा तोडते, मान तिरकी करून.

मान अजून पगारेबाईंची आहे.