बोअर नंबर सात

पहाटे पावणेपाचला कणकुंबीच्या वरच्या सड्यावर
दहा मिनिटं उभं राहायचं, कानांनीच मोजायचं,
मग दोनशे पावलं पुढे. पुन्हा दहा मिनिटं.
कंपनी रोजचे साडेपाचशे देते.
वही कंपनीची, पेन्सिल माझी,
कान भरमूकाकाचे.
मध काढायला जाताना तो मला न्यायचा
आणि बोलू द्यायचा नाही.

हळद्या दोन. तांबट एक. नाचण, जोडी.
शामा एक, ओहोळाच्या अलीकडे.
कस्तूर...

कस्तूर मी तीन दिवस चुकीचा मोजला.
सात नंबरच्या बोअरजवळ शीळ यायची,
चालता चालता वाट विसरल्यासारखी,
मी लिहायचो : एक.
चौथ्या दिवशी धुकं जरा हललं तर
ड्रिलवाला होन्नूरस्वामी, बळ्ळारीचा,
तोंडातली काडी काढून खडकावर शीळ घालत बसलेला.
मला बघून लाजला. मग ओठांवर बोट ठेवलं.
ओहोळाकडून उत्तर आलं.

मी आकडा खोडला.
मग खोडलेला पुन्हा लिहिला.

दगडाचे दंडुके पेट्यांत ओळीनं निजवलेत,
लाल, पिवळट, पुन्हा लाल,
डोंगराचं पोट हात-हातभर, वर खडूनं खोली.
अंजनीच्या बुंध्यांना चुन्याचे नंबर.
आणि ओहोळावरच्या कपारीत, तुषार उडतात तिथं,
शेवाळाची ओली वाटी.
आत दोन अंडी, मातकट ठिपक्यांची.
बारा पावलांवर रस्त्याची रिबन.

"काय लिहूलायस एवढं?" मुकादम परसू गावडा.
"घरटं."
"त्याला रकाना हाय?"
नव्हता.
समासात लिहिलं, आडवं, पेन्सिल दाबून,
खालच्या पानावर उमटेल इतकं.

वही बेळगावला गेली. अजून आलेली नाही.

त्या दुपारपासून सात नंबरचं मशीन बिघडलंय.
पट्टा तुटला. मग बिट अडकली. मग डिझेलात पाणी.
होन्नूरस्वामी रोज नवं कारण मराठीत पाठ करतो,
माझ्याकडून, दोनदा,
आणि मुकादमापुढे कन्नडात सांगतो.
सतरा दिवस झाले. त्याचा भत्ता कापला जातोय.

शीळ मात्र त्यानं सोडलीय.
म्हणतो, दुसरा नर आला असं वाटून
तो वाटीवरून उठून भांडायला येईल.

पहाटे आम्ही दोघं उभे असतो, दहा मिनिटं.
तो काडी चावतो.
ओहोळाकडून येते ती,
आणि थांबते, त्याच्यासाठी जागा सोडून.

मी लिहितो : एक.